लेबनॉनला निघण्यापूर्वी जवानांसाठी अरबी : कामठीतील प्रकल्पाच्या नोंदी

१ ऑगस्ट २०२२

प्रकल्पाची व्याप्ती आज ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला जाणाऱ्या भारतीय तुकडीतील सामान्य जवानाला, रवानगीपूर्वीच्या सहा आठवड्यांत रोज पाऊण तासाचा वर्ग घेऊन, तिथल्या बोलीची आणि रीतिभातींची तोंडओळख करून द्यायची. सोबत खिशात मावेल अशी देवनागरीतील पुस्तिका आणि फोनवर ऐकता येतील असे ध्वनिमुद्रित धडे तयार करायचे, एवढेच हे काम आहे. युनिटचे नाव, संख्याबळ आणि रवानगीची तारीख या नोंदींत येणार नाही. वर्ग कामठी छावणीतील एका बराकीत भरतील आणि पुस्तिकेचे काम नागपुरात माझ्या घरी चालेल.

लष्करात परदेशी भाषा शिकवण्याची सोय नाही असे नव्हे. पचमढीला सेना शिक्षण कोअरच्या केंद्रात दीर्घ अभ्यासक्रम चालतात, आणि दिल्लीला शांतिसेनेच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र २००० सालापासून आहे. परंतु भाषेचा दीर्घ अभ्यासक्रम मोजक्यांच्याच वाट्याला येतो. प्रत्यक्षात नाक्यावर उभा राहतो तो एखादा नायक किंवा लान्स नायक, आणि गावकऱ्याशी पहिली गाठ पडते ती त्याचीच. दुभाषे शांतिसेनेकडून मिळतात, पण ते प्रत्येक गस्तीबरोबर नसतात. दुभाषा येईपर्यंतची जी पाच-दहा मिनिटे असतात, तेवढ्यांसाठीच हा अभ्यासक्रम आहे, असे मी पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे कोणी त्यात व्याकरण घुसडू पाहील तेव्हा त्या वाक्याकडे बोट दाखवता येईल.

४ ऑगस्ट

कोणती अरबी शिकवायची, यावर आजचा सगळा दिवस गेला. कामठीचे एक निवृत्त अरबी शिक्षक (वर्गात त्यांना सगळे मौलवी साहेबच म्हणतात) शिकवायला तयार झाले आहेत. त्यांची अरबी ग्रंथांची, शुद्ध आणि ठाशीव आहे. दुसरीकडे तुकडीतील काही जवानांचे भाऊ-मेहुणे आखातात कामाला आहेत, त्यामुळे ‘यल्ला’, ‘ख़लास’, ‘शलोनक’ असे शब्द त्यांच्या तोंडी आधीपासूनच बसलेले आहेत. तिसरे साहाय्यक म्हणजे पूर्वी लेबनॉनला एक तैनाती करून आलेले हवालदार, ज्यांनी तिथे ऐकलेली वाक्ये एका वहीत जमेल तशी टिपून आणली होती.

मौलवी साहेबांचे म्हणणे असे की ग्रांथिक अरबी सगळीकडे कळते. हे खरेच आहे. बातम्या, शाळा आणि सरकारी कागद त्याच भाषेत चालतात, आणि तिथला शिकलेला माणूस ती समजून घेईल. परंतु तो उत्तर देईल ते आपल्या बोलीत, आणि ते उत्तर या मुलांना कळणार नाही. ग्रांथिक भाषेत कॉफी ‘क़हवा’ असते, लेबनॉनच्या बहुतेक भागांत तो ‘क़’ गळून ‘अहवे’ होते. ‘काय’ याला ग्रंथात ‘माज़ा’, तिथे ‘शू’. ‘तू कसा आहेस’ याला आखातात ‘शलोनक’, तिथे ‘कीफक’. त्यामुळे बोलायला आणि ऐकायला लेबनॉनची बोली, आणि पाट्या वाचण्यापुरती ग्रांथिक भाषा, अशी वाटणी ठरली. मौलवी साहेबांनी ती मोठ्या मनाने मान्य केली आणि हवालदारांची वही मागून घेतली.

आखाती अरबीबद्दल मात्र मी जरा कडक भूमिका घेतली आहे. आखातातील कामगाराच्या कानावर पडते ती बहुधा मुकादमाची भाषा असते : ‘इम्शी’ म्हणजे चल नीघ, ‘सुरआ’ म्हणजे लवकर आटप. तीच भाषा हातात शस्त्र असलेल्या माणसाने शेतकऱ्याशी बोलली, तर ऐकणाऱ्याला ती कशी लागेल, हे वेगळे सांगायला नको. असे शब्द वर्गात आधी गोळा करून फळ्यावर लिहायचे आणि त्यांवर काट मारायची, असे ठरले.

दक्षिण सुदानला जाणाऱ्या तुकड्यांसाठीही हीच पुस्तिका वापरावी, अशी एक सूचना आली. ती मी नाकारली. तिथे चालणारी जुबा अरबी ही वेगळ्याच घडणीची, पुष्कळ सोपी झालेली संपर्कभाषा आहे. दोन्ही एका पुस्तिकेत कोंबल्या तर एकही धड येणार नाही.

१० ऑगस्ट

लिपीचा निर्णय झाला. जवानांना अरबी लिपी पूर्ण शिकवायची नाही. ‘थांबा’, ‘धोका’, ‘सुरुंग’, ‘मनाई’ आणि ‘रुग्णालय’ एवढे शब्द चित्रासारखे ओळखता आले पाहिजेत, बाकी सगळे देवनागरीत. २००६ च्या युद्धानंतर दक्षिण लेबनॉनच्या शेतांत लाखो न फुटलेले छोटे बॉम्ब पडून होते आणि सफाईचे काम अजून चालू आहे, म्हणून ‘सुरुंग’ या शब्दाच्या पाटीचा सराव रोज होईल.

अंक मात्र सगळे शिकवायचे. त्यांत एक खाचखळगा आहे : तिथला पाच आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो आणि तिथले शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. देवनागरी अंकांवर वाढलेला मुलगा ‘५०’ वाचायच्या जागी चटकन ‘०’ आणि पुढे शाईचा डाग वाचतो. संख्या बोलण्याच्या बाबतीत आपली मुले सुखी आहेत, कारण अरबीतही पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस येतो, ‘ख़म्से व अश्रीन’. मराठी-हिंदी बोलणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही.

उच्चारांत ‘ख़’ आणि ‘ग़’ उर्दूमुळे बहुतेकांना जमतात. घशातून येणारा ‘अ’ आणि खोल ‘ह’ यांच्यासाठी पुस्तिकेत अक्षराखाली रेघ मारली आहे. ते अक्षर हुबेहूब न जमले तरी संदर्भाने कळते, म्हणून त्यावर वेळ दवडणार नाही. अरबीत ‘प’ नाही आणि ‘ट’ही नाही, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण वायरलेसवर कोणी ‘बातील’ला बोलावले तर आमच्या पाटलाने ओ दिली पाहिजे.

१८ ऑगस्ट

आज पहिल्यांदा नाक्याचा देखावा उभा केला. बराकीमागच्या मैदानात दोन ड्रम आणि एक बांबू, एका बाजूला जवान, दुसऱ्या बाजूने हवालदार गावकरी होऊन येणार. भंडाऱ्याकडचा एक नायक पुढे आला. त्याचा कान फार चांगला आहे. ध्वनिमुद्रित धडे ऐकून ऐकून त्याने ‘मरहबा, कीफक, यअतीक ल-आफ़िये’ हे इतके सफाईने उचलले होते की मौलवी साहेबही खूश झाले. (शेवटचे वाक्य काम करत असलेल्या माणसाला म्हणतात, ‘देव तुला आरोग्य देवो’ अशा अर्थाने, शेतकरी, गवंडी, दुकानदार सगळ्यांना चालते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो, असे हवालदार सांगतात.)

पुढे जे झाले ते नोंदवण्यासारखे आहे. इतके अस्सल अभिवादन ऐकल्यावर हवालदारांनी ठरल्याप्रमाणे, खराखुरा गावकरी बोलेल तसा, भडाभडा बोलायला सुरुवात केली : माझी म्हातारी आई आजारी आहे, पलीकडच्या वाटेने गेलो तर लवकर पोहोचेन, काल तुमच्याच माणसाने सोडले होते, आज जाऊ ना? नायकाला त्यातले अक्षर कळले नाही. पण तो गोंधळलेला दिसू नये म्हणून मान डोलावत ‘नअम, नअम’ (हो, हो) म्हणत राहिला, आणि हवालदार बांबू उचलून पलीकडे निघून गेले. मैदानात हशा पिकला, पण नायकाने नकळत एका बंद वाटेची परवानगी देऊन टाकली होती.

या प्रकाराने अभ्यासक्रमाचा कल बदलला आहे. अभिवादन जितके सुबक, तितका समोरचा माणूस ‘याला भाषा येते’ असे समजून मोकळा होतो; म्हणजे शिकवण्यातले यशच जवानाला अडचणीत आणते. म्हणून यापुढे अभिवादनाचे प्रत्येक वाक्य एकटे शिकवायचे नाही. त्याला लागूनच दुसरे वाक्य आले पाहिजे : ‘मा बअरिफ अरबी मनीह’, म्हणजे मला अरबी नीट येत नाही; आणि तिसरे, ‘न्तुर श्वै, जाये ल-मुतर्जिम’, थोडे थांबा, दुभाषा येतो आहे. ही तीन वाक्ये एका श्वासात आली पाहिजेत. आणि ‘नअम’ हा शब्द पहिल्या दोन आठवड्यांच्या यादीतून काढून टाकला. जवानाला ‘नाही’ आणि ‘थांबा’ आधी यावे, ‘हो’ शेवटी यावे.

काही प्रशिक्षकांना हे पटले नाही. जवान हसतमुखाने चार वाक्ये बोलला तर गावकऱ्यांशी संबंध सुधारतात, त्याला सुरुवातीलाच ‘येत नाही’ म्हणायला लावणे म्हणजे त्याचा उत्साह मारणे, असे त्यांचे मत. संबंधांचा मुद्दा योग्य आहे, पण तो चहाच्या टपरीवर आणि वैद्यकीय शिबिरात, नाक्यावर नव्हे.

२३ ऑगस्ट

खुणांचा धडा. हा धडा मी मुळात एका पानाचा ठेवला होता, आता तो सगळ्यात मोठा होईल असे दिसते.

लेबनॉनमध्ये, किंबहुना त्या सगळ्या टापूत, ‘नाही’ म्हणायला माणूस अनेकदा तोंडाने बोलतच नाही. भुवया उंचावतो, हनुवटी किंचित वर करतो आणि जिभेने ‘च्’ असा आवाज काढतो. आपल्याकडे मान वर करून भुवई उडवली तर ‘काय म्हणतोस?’ असा अर्थ होतो, आणि ‘च्च’ म्हणजे हळहळ. तेव्हा ‘गाडीत आणखी कोणी आहे का?’ या प्रश्नावर समोरच्याने स्पष्ट ‘नाही’ सांगितले तरी आमचा जवान तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि तिसऱ्यांदा आवाज चढवतो. उलट आपली डावी-उजवीकडे डोलणारी मान तिथे कोणालाच कळत नाही. ती ‘हो’ आहे की ‘नाही’, की या माणसाला काही त्रास होतो आहे, असा प्रश्न पडतो.

पाच बोटांची टोके जुळवून हात वर धरणे ही खूण तर थेट उलटी आहे. आपण ती ‘काय भानगड आहे?’ अशा अर्थाने करतो. तिथे तीच खूण हळूहळू खालीवर केली की ‘थांब, धीर धर’ असा अर्थ होतो. ही मात्र फायद्याची गोष्ट, कारण शब्द आठवला नाही तरी हात थांबवू शकतो. आज सगळ्या वर्गाकडून ही खूण तोंड न उघडता करून घेतली.

पुण्यात शिकणाऱ्या एका सीरियन विद्यार्थ्याने फोनवरून वाक्ये ध्वनिमुद्रित करून दिली आहेत. सीरिया आणि लेबनॉनच्या बोली जवळच्या असल्याने आवाज तिकडचा वाटतो. त्याला मुद्दाम सांगितले होते की शिक्षकासारखे सावकाश बोलू नको, घाईत असलेल्या माणसासारखे बोल. पहिल्या दिवशी वर्गात कोणाला काही कळले नाही, आणि तेच हवे होते.

२ सप्टेंबर

गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर आज रीतिभातींचा पहिला वर्ग झाला. विषय मोठा आहे आणि तो नकाशावरूनच शिकवावा लागतो. लेबनॉनमध्ये १८ धर्मपंथांना सरकारी मान्यता आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचे सभापती शिया, ही वाटणी १९४३ पासून चालत आली आहे. भारतीय बटालियन १९९८ पासून ज्या पूर्वेकडच्या भागात आहे, इबल अल्-साकीच्या आसपास, तिथे थोड्याशा अंतरात हे सगळे रंग भेटतात : मर्जायून ख्रिस्ती, ख़ियाम शिया, हस्बय्यात द्रूझ पंथाची वस्ती मोठी, आणि शेबा व कफ़र शूबा सुन्नी. म्हणून सगळ्यांना ‘सलाम अलैकुम’ घालत सुटू नये. ‘मरहबा’ सर्वांना चालते आणि कोणाला खुपत नाही. कोण कोणत्या पंथाचा, हे विचारायचे नाही. जात न विचारण्याचा शहाणपणा आपल्याकडेही सगळ्यांना असतो असे नाही, त्यामुळे हे वाक्य ठासून सांगावे लागले.

स्त्रियांशी बोलताना आपण होऊन हात पुढे करायचा नाही. उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित लववली की पुरे. कोणी कॉफी देऊ केली आणि ड्यूटी आड येत नसेल तर घ्यावी, आणि रिकामा कप परत देताना ‘दायमे’ म्हणावे, म्हणजे तुमच्या घरी असेच नेहमी मिळत राहो. बसल्यावर बुटाचा तळवा समोरच्याकडे येऊ देऊ नये. हे सगळे मुलांना पटकन कळले. यातले निम्मे त्यांच्या घरीही पाळतात.

खरी काळजी दोन गोष्टींची आहे. पहिली म्हणजे फोटो. दक्षिणेकडच्या गावांत गस्तीवरच्या परक्या माणसाच्या हातातील कॅमेरा म्हणजे हेरगिरी, असा समज पक्का आहे आणि शांतिसेनेच्या गस्ती त्यावरून अडवल्या गेल्या आहेत. जवानाला डोंगराचा फोटो घरी पाठवायचा असतो, पण गावकऱ्याला त्या चौकटीत आपले घर दिसते. दुसरी म्हणजे सीमेबद्दल बोलणे. इस्रायलने २००० मध्ये माघार घेतल्याची खातरजमा करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी सुमारे १२० किलोमीटरची ‘निळी रेषा’ आखली, आणि ती माघारीची रेषा आहे, दोन देशांनी मान्य केलेली सरहद्द नव्हे. निळी पिंपे तिच्या खुणा आहेत. आमच्या मुलांना ‘हद्द’ हा शब्द घरचा आहे आणि अरबीतही तो त्याच घराण्याचा, त्यामुळे तो सहज तोंडात येतो. तो टाळायचा. ‘अल्-ख़त अल्-अज़रक़’, निळी रेषा, एवढेच म्हणायचे. नाक्यावरच्या शिपायाने ‘ही तुमची हद्द’ म्हटले की त्याने, त्याला माहीत नसताना, एका जुन्या वादात एक बाजू घेतलेली असते.

एका जवानाने विचारले, ‘साहेब, मग युद्धाबद्दल कोणी बोलले तर?’ ऐकून घ्यायचे. तिथे २००६ च्या युद्धाला ‘हर्ब तम्मूज़’, जुलैचे युद्ध, म्हणतात. लेबनॉनमध्ये महिन्यांची नावे आखातापेक्षा वेगळी, जुन्या सिरियाक भाषेच्या वळणाची आहेत. ‘तम्मूज़’ शब्द कानावर आला की बोलणारा बहुधा त्या युद्धाचे, कदाचित घरातल्या कोणाचे सांगतो आहे, इतके जवानाला कळावे आणि त्याने हसू नये.

७ सप्टेंबर

तुकडीसोबत जाणाऱ्या पशुवैद्यकीय पथकाने स्वतंत्र यादी मागितली. भारतीय बटालियनची गुरांच्या दवाखान्याची सेवा तिथल्या गावांत चांगली परिचयाची आहे. यादी आटोपशीर झाली : शेळी, गाय, ताप, ‘खाते का’, ‘कधीपासून’. यात ‘कधीपासून’ (‘मिन एम्ता’) हा प्रश्न शिकवणे सोपे, पण त्याचे उत्तर ऐकणे अवघड, म्हणून वार आणि आकडे त्याच पानावर छापायचे.

१२ सप्टेंबर

आकड्यांचा दुसरा धडा, बाजाराच्या निमित्ताने. एक ते शंभर शिकवून भागणार नाही, हे हवालदारांच्या लक्षात आणून द्यावे लागले, कारण त्यांच्या वेळी एका डॉलरला सुमारे १,५०० लिरा मिळत. २०१९ मध्ये अर्थव्यवस्था कोसळल्यापासून खुल्या बाजारात तोच डॉलर ३०,००० लिरांच्या पुढे गेला आहे, आणि सर्वांत मोठी नोट १ लाखाची आहे. साधी खरेदीही हजारांत आणि लाखांत बोलली जाते. तेव्हा ‘अल्फ़’ (हजार) आणि ‘मिय्यत अल्फ़’ (शंभर हजार, म्हणजे आपला लाख) पहिल्याच दिवशी यायला हवे.

याच्याच जोडीने वर्गात तिथल्या परिस्थितीबद्दल सांगितले : सरकारी वीज दिवसातून तास-दोन तास, बाकी गल्लीतल्या जनरेटरची वर्गणी, बँकेतले स्वतःचे पैसे काढता न येणारे शिक्षक आणि निवृत्त सैनिक. नागपूरच्या उन्हाळ्यात तासभर वीज गेली तर आपण काय बोलतो, ते मुलांना माहीत आहे. हे कळलेला जवान दुकानदाराशी घासाघीस जरा हात राखून करील, अशी माझी अपेक्षा आहे. अपेक्षाच, कारण घासाघीस करणे आमच्या मुलांचा छंद आहे.

१९ सप्टेंबर

शेवटची चाचणी कन्हान नदीकाठच्या मोकळ्या जागेत झाली. एका गुराख्याला विनंती करून त्याच्या शेळ्या आणल्या, कारण निळ्या रेषेवर सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे चरत चरत पलीकडे गेलेला कळप आणि त्याच्यामागे निघालेला मेंढपाळ. मौलवी साहेबांनी मेंढपाळ होण्याचा आग्रह धरला, डोक्याला गमछा गुंडाळला आणि या वेळी स्वतःची ग्रांथिक अरबी बाजूला ठेवून हवालदारांच्या वहीतली बोली अशी काही झाडली की वर्ग अवाक झाला.

शेळ्या पिंपांच्या पलीकडे गेल्या. मेंढपाळ मागे धावला. समोर तोच भंडाऱ्याचा नायक होता. त्याने आधी हात वर करून बोटे जुळवली, मग ‘मरहबा’, आणि त्याला लागूनच बाकीची दोन वाक्ये म्हटली. मेंढपाळ ऐकेना; शेळ्यांकडे बोट दाखवून ओरडू लागला. नायकाने रायफल पाठीवर होती तशीच राहू दिली, दोन पावले बाजूला झाला, म्हणजे मेंढपाळाला आपल्या शेळ्या दिसत राहतील, आणि विचारले, ‘कम?’ किती? मौलवी साहेब क्षणभर थबकले आणि म्हणाले, ‘तस्अ’. नायकाने वायरलेसवर नऊ शेळ्या कळवल्या. तोवर दुभाषा झालेले दुसरे हवालदार पोहोचले.

‘किती’ विचारायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पण ज्याचे जनावर हरवते आहे त्याला कोणी तरी मोजदाद करते आहे असे दिसले की तो निम्मा शांत होतो, हे गुरे राखलेल्या मुलाला आपसूक माहीत असावे. हा प्रश्न आता नाक्याच्या पानावर चौथे वाक्य म्हणून जाईल.

सगळेच असे निभावले नाहीत. दोघे-तिघे अजूनही दडपण आले की ‘नअम’वर येतात, आणि एकाने मेंढपाळाला चक्क ‘इम्शी’ म्हटले. त्यांचा सराव रवानगीपर्यंत रोलकॉलनंतर चालू राहील.

२४ सप्टेंबर

पुस्तिकेचे मुद्रण सीताबर्डीतील छापखान्याकडे दिले. खुणांचे पान पहिले, नाक्याची चार वाक्ये दुसऱ्या पानावर मोठ्या टाइपात, आकडे मागच्या कव्हरवर, म्हणजे पुस्तिका न उघडता दिसतील. स्त्री-पुरुषांना वेगळी होणारी रूपे (‘कीफक’, ‘कीफिक’) छोट्या अक्षरांत घातली. चुकली तरी कोणी रागावत नाही. कागद घामाने आणि पावसाने भिजणार नाही असा हवा, तो छापखान्याकडे नाही, इतवारीत मिळेल असे सांगितले आहे. मौलवी साहेबांनी शेवटचे प्रूफ घरी नेले असून अक्षराखालच्या रेघा ते स्वतः तपासणार आहेत. ध्वनिमुद्रित धड्यांमध्ये ‘कम’ आणि त्याची घाईघाईने दिलेली दहा-बारा उत्तरे घालायची राहिली आहेत. पुण्याच्या विद्यार्थ्याची परीक्षा संपली की तो ती पाठवील.